एका सामन्याचे सर

कुडाळ स्टेशनवर तुम्ही तुतारी एक्स्प्रेसची वाट बघत बसला आहात. खिशात दादरचं तिकीट, पायाशी उकड्या तांदळाची पिशवी. बाकावरचे आजोबा विचारतात, "मुंबयक चललास?" तुम्ही मान हलवता. गाडी येते, खिडकीची जागा मिळते आणि डोळा लागतो.

जाग येते ती 1932 सालात. गाडी नाही, रूळही नाहीत. कोकण रेल्वेला अजून 66 वर्षं अवकाश आहे. मुंबई गाठायची तर आगबोट. याच साली मालवणात रमाकांत विठ्ठल आचरेकर जन्माला येतात. आडनाव आचऱ्याचं, नाव मात्र गाजणार आहे दादरला.

1945. मुंबईत न्यू हिंद स्पोर्ट्स क्लबकडून हाच पोरगा खेळायला उतरलाय. पुढे यंग महाराष्ट्र, गुलमोहर मिल्स, मुंबई पोर्ट असे संघ बदलत जातात. मग स्टेट बँकेच्या संघात जागा मिळते आणि 1963 च्या हंगामात मोईन-उद-दौला स्पर्धेत हैदराबादविरुद्ध त्यांचा प्रथम श्रेणीचा सामना तुम्हाला बघायला मिळतो. नीट बघून घ्या. दुसरा होणार नाही.

त्याच सुमारास तिकडे कीव्हमध्ये व्हॅलेरी लोबानोव्स्की हा फुटबॉलचा विंगर कॉर्नरवरून मारलेला चेंडू हवेत वळवून थेट जाळ्यात घालतोय. सोव्हिएत संघाकडून त्याच्या वाट्याला सामने येतात जेमतेम 2. पुढे प्रशिक्षक झाल्यावर तोच डायनॅमो कीव्हला 1975 आणि 1986 मध्ये युरोपातला कप विनर्स कप जिंकून देतो. खेळाडू म्हणून हुकलेलं काही माणसं शिकवून वसूल करतात.

आता 1984. शिवाजी पार्कची लाल माती, कामत मेमोरियल क्लबचं नेट, शिकवायला आचरेकर सर. अकरा वर्षांचा एक कुरळ्या केसांचा मुलगा सरांच्या नजरेनं बावरलाय, बॅटीला चेंडू नीट लागत नाही. थोरला भाऊ अजित सरांना गळ घालतो: जरा दूर जाऊन लपून बघा. सर झाडाआड उभे राहतात. मुलगा मोकळा होतो. सचिन तेंडुलकर शिबिरात दाखल.

संध्याकाळ होते. सर मधल्या स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवतात. जो सचिनला बाद करील त्याचं नाणं. शेवटपर्यंत टिकला तर याचं. हातपाय दमलेले, उजेड उतरलेला, आणि त्या एका रुपयासाठी आख्खं मैदान क्षेत्ररक्षणाला उभं. सामने चुकू नयेत म्हणून सर त्याला स्कूटरवर मागे बसवून या मैदानावरून त्या मैदानावर नेतात.

फेब्रुवारी 1988, आझाद मैदान. हॅरिस शील्डमध्ये शारदाश्रम शाळेकडून सेंट झेवियर्सविरुद्ध सचिन नाबाद 326, विनोद कांबळी नाबाद 349, भागीदारी 664. कांबळीला आणखी एकच धाव हवी आहे, पण सरांचा हुकूम येतो: डाव घोषित करा. तुम्हाला वाटतं, एका धावेनं काय बिघडलं असतं? सरांना सामना जिंकायचा आहे.

गाडी दादरला लागते. सर 2 जानेवारी 2019 रोजी गेले. चंद्रकांत पंडित, प्रवीण आमरे, अजित आगरकर, रमेश पोवार अशी शिष्यांची रांग मागे ठेवून गेले. 1990 चा द्रोणाचार्य, 2010 ची पद्मश्री. तांदळाची पिशवी उचला आणि घरी जाण्याआधी शिवाजी पार्कला एक फेरी मारा. तिथे त्यांचं स्मारक आहे, डिसेंबर 2024 मध्ये सचिनच्याच हस्ते खुलं झालेलं.

स्टंपवरच्या त्या नाण्यांपैकी 13 सचिननं जिंकली, आणि ती जपून ठेवली आहेत. सरांच्या नावावर प्रथम श्रेणीचा सामना 1. त्यांच्या या एका शिष्याच्या नावावर कसोट्या 200.