तेरची खेळणी

दिवाळीच्या सुटीत मुलगी पुण्याहून माहेरी आली. सोबत तिची दोन मुलं, नात दहा वर्षांची, नातू सात वर्षांचा. यंदा नानांनी खेळण्यांच्या बागेत न्यायचं, असं दोघांनी वाटेतच ठरवून टाकलं होतं. नातवाच्या वर्गातला एक मुलगा परदेशातलं लेगोलँड पाहून आला होता, त्याचा हा परिणाम. मी आपला खोपोलीच्या इमॅजिकापर्यंत विचार केला. पाच माणसांची तिकिटं, गाडी, जेवणखाण असा हिशेब कागदावर मांडला आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली.

‘‘त्याहून जुनं खेळण्यांचं गाव आपल्या जिल्ह्यात आहे,’’ मी म्हणालो.

‘‘किती जुनं?’’

‘‘दोन हजार वर्षं.’’

‘‘तिथं राइड्स आहेत?’’

‘‘एसटी आहे.’’

नातू रुसला. पण नानीनं भाकरी, शेंगाचटणी आणि दशम्या बांधल्या आणि आम्ही धाराशिवहून तेरला निघालो.

एसटीत त्याचा रुसवा काढायला मी त्याला लेगोचीच गोष्ट सांगितली. डेन्मार्कमध्ये बिलुंड नावाचं लहानसं गाव. तिथं ओले कर्क ख्रिश्चनसेन नावाचा सुतार होता. मंदीच्या दिवसांत सुतारकामं मिळेनाशी झाली, तेव्हा १९३२ साली तो लाकडी खेळणी करू लागला. ‘छान खेळ’ अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतून त्यानं ‘लेगो’ हे नाव तयार केलं. आज मुलं जोडतात त्या प्लॅस्टिकच्या विटेचं पेटंट १९५८ सालचं आणि बिलुंडची खेळण्यांची बाग १९६८ सालची. म्हणजे एवढा मोठा पसारा एका अडचणीतल्या सुताराच्या हातून सुरू झाला. तेरची गोष्ट कुंभाराच्या हातची आहे, इतकाच फरक.

मंडळी, आज तेर तेरणा नदीकाठचं साधं गाव दिसतं. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक खलाशानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात ‘तगर’ नावाच्या मोठ्या शहराचा उल्लेख आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. इथलं कापड गाड्यांत भरून अवघड वाटांनी भडोच बंदराला जाई आणि तिथून समुद्रापार. हे तगर म्हणजेच आपलं तेर, हे फ्लीट या अभ्यासकानं १९०१ साली दाखवून दिलं. पुढे इथं उत्खननं झाली. पण त्याइतकंच मोठं काम गावच्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी केलं. गावच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू त्यांनी जिवापाड जमवल्या, जपल्या. तेरचं शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावानं ओळखलं जातं.

संग्रहालयात मोठी माणसं थांबतात ती हस्तिदंती बाहुलीपाशी. इटलीतल्या पाँपेई शहरात १९३८ साली अशीच एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. दोघींची तुलना अभ्यासक नेहमी करतात. आमची मुलं मात्र मातीच्या बाहुल्यांपाशी थांबली. केओलीन नावाच्या पांढऱ्या मातीच्या या बाहुल्या. पुढचा एक साचा, मागचा एक साचा, दोन्हींत माती दाबायची आणि दोन भाग जोडायचे. आतून पोकळ, त्यामुळे हाताला हलकी. रोमशी चाललेल्या व्यापारातून ही पद्धत इथं आली असावी, असं मानतात. यातली कोणती खेळायची आणि कोणती पुजायची, हे ठरवणं जाणकारांनाही सोपं जात नाही. नातीनं ते एका क्षणात ठरवलं. ‘‘ही खेळायचीच आहे. हिचे केस बघा ना, कुणीतरी आवडीनं केलेत!’’

नातू एका मातीच्या जनावरापाशी उभा होता. एक पाय तुटलेला.

‘‘नाना, हा कुणी तोडला?’’

‘‘असेल तुझ्यासारखा कुणी.’’

‘‘मग त्याला मार बसला असेल?’’

याचं उत्तर ना ‘पेरिप्लस’मध्ये आहे, ना उत्खननाच्या अहवालात. इतिहासात राजांची नावं राहतात, व्यापाऱ्यांची कधीमधी राहतात. खेळणं करणाऱ्याचं आणि ते मोडणाऱ्याचं नाव कुणीच लिहून ठेवत नाही.

दुपारी गोरोबाकाकांच्या समाधीचं दर्शन घेतलं. माती तुडवता तुडवता देवाच्या नामात हरपलेल्या या कुंभाराच्या पायाखाली त्याचं रांगतं मूल आलं आणि पुढे विठ्ठलकृपेनं ते परत मिळालं, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. मुलांना मी ती सांगितली नाही. संतांच्या मेळ्यात काकांनी थापटण्यानं कुणाचं मडकं पक्कं, कुणाचं कच्चं ते पाहिलं, तेवढंच सांगितलं. दोघांनी लगेच एकमेकांच्या डोक्यावर टिचक्या मारल्या.

नदीकाठी झाडाखाली शिदोरी सोडली. नातवाचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यातून जाईना. तेव्हा मी त्याला एक गोष्ट सांगितली, जी मी तोवर कुणालाच सांगितली नव्हती, त्याच्या नानीलाही नाही.

मी त्याच्याएवढा होतो. आमच्या गावात ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा उरूस भरला होता. आकाशपाळणा, पिपाण्या, फुगे, सगळी हिंदू-मुसलमान पोरं तिथं. अब्बा शिवणकाम करायचे. उरसाच्या दिवसांत कपड्यांची घाई, त्यामुळे आम्हाला अगदी शेवटच्या रात्री नेलं. मला चावीची पत्र्याची मोटार हवी होती. अब्बांनी किंमत विचारली, खिशात हात घातला आणि मातीचा घोडा घेऊन दिला. घरी येताच मी तो अंगणात आपटला. सगळ्यांना सांगितलं, हातून निसटला. अब्बांनी पाहिलं होतं. ते काही बोलले नाहीत. खाली बसून त्यांनी कंदिलाच्या उजेडात तुकडे वेचले, कुणाच्या पायात जाऊ नयेत म्हणून. सकाळी माझ्या उशाशी चिंध्यांचा शिवलेला चेंडू होता.

त्या चेंडूशी मी कितीतरी वर्षं खेळलो, पण घोड्याबद्दल माफी मागायची राहूनच गेली. अब्बा आता नाहीत.

नातवानं विचारलं, ‘‘ते तुकडे कुठं आहेत?’’

‘‘अंगणातच पुरले होते त्यांनी. आता त्यावर घर झालंय.’’

तो जरा वेळ गप्प बसला. मग बहिणीला घेऊन ओलसर माती उकरू लागला. पोळ्याला आपल्याकडची पोरं काळ्या मातीचे बैल करतात, तसा एक बैल दोघांनी मिळून केला. शिंगं वाकडी, एक पाय आखूड. एसटीत तो नानीच्या पदरात बसून आला. घरी पोचेपर्यंत त्याचा आखूड पाय गळून पडला होता. नातवानं माझ्याकडे पाहिलं.

मी खाली वाकलो आणि तो तुकडा उचलला.