टियर-१, टियर-२, टियर-३ : तुमच्या फोनमागचे न दिसणारे सप्लायर

फोन कंपनी ज्यांच्याकडून थेट माल घेते, ते तिचे टियर-१ सप्लायर. टियर-१ला माल देणारा टियर-२, त्याच्या मागे टियर-३. टियर-२पासून मागचे सगळे अप्रत्यक्ष पुरवठादार. त्यांच्याशी फोन कंपनीचा सहसा करारच नसतो.

बॅटरीची साखळी साधारण अशी असते :

• टियर-१ : बॅटरी पॅक जोडणारा
• टियर-२ : आतला सेल बनवणारा
• टियर-३ : सेलसाठी लिथियम कोबाल्ट ऑक्साइडची पावडर बनवणारा
• टियर-४ : कोबाल्ट शुद्ध करणारी रिफायनरी, बहुतेक वेळा चीनमधली
• त्यामागे : व्यापारी आणि खाण. जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या (डीआरसी) खाणींतून येतो.

हे माहीत का हवं?

जानेवारी २०१६मध्ये ॲम्नेस्टी इंटरनॅशनल आणि आफ्रेवॉच या संस्थांनी हीच साखळी खाणीपासून पुढे तपासली. हाताने खणलेल्या खाणींवर अगदी ७ वर्षांची मुलंही काम करताना आढळली. तो माल व्यापाऱ्यांमार्फत चिनी रिफायनरीत आणि तिथून बॅटरीत जात होता. मोठ्या ब्रँडना विचारलं, तर आपला कोबाल्ट नेमका कुठून येतो हे अनेकांना सांगता आलं नाही.

शोध कुठे अडतो?

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आम्ही एक लायब्ररी घेतली की तिच्यामागे आणखी पन्नास येतात, पण एक कमांड दिली की पूर्ण यादी दिसते. कोबाल्टचं तसं नाही. अनेक खाणींचा माल रिफायनरीत एकत्र होतो आणि शुद्ध झाल्यावर कुठला कण कुठल्या खाणीतला, हे ओळखणं जवळपास अशक्य. शिवाय, सप्लायर आपला सप्लायर सहजासहजी सांगत नाही. उद्या गिऱ्हाईक थेट तिकडे गेलं तर?

म्हणून तपासणी रिफायनरीपाशी करतात. खाणी आणि व्यापारी असंख्य, सेल बनवणारेही बरेच, पण मधल्या रिफायनऱ्या मोजक्या. तिथे खरेदीची कागदपत्रं तपासली की दोन्ही बाजूंचा माग लागतो.

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेच्या २०१०च्या डॉड-फ्रँक कायद्यात कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोनं यांचा उगम शोधून माहिती देण्याची तरतूद आहे. कोबाल्ट त्या यादीत नाही.

तुम्ही काय बघाल?

तुमच्या ब्रँडच्या साइटवर सप्लायर लिस्ट शोधा. त्यात फक्त जोडणी करणारे कारखाने असतील तर ती टियर-१वरच थांबली. रिफायनऱ्यांची नावं असतील, तर कंपनीने निदान मागे वळून पाहिलंय.