कच्च्या कैद्याने पश्चात्ताप कशाचा करायचा?

नागपुरात वर्धा रोडवर, राहाटे कॉलनीपाशी, १८६४ सालचं मध्यवर्ती कारागृह आहे. महाराष्ट्रात फाशी देण्याची सोय दोनच कारागृहांत आहे: येरवड्यात आणि इथे. ३० जुलै २०१५ रोजी याकूब मेमनला इथेच फाशी झाली. अशा माणसाच्या शेवटच्या रात्री त्याच्यापाशी कोणी बसावं, हा प्रश्न या भिंतीजवळून जाताना मला नेहमी पडतो.

कॅथलिक परंपरेत तो प्रश्न जुना आहे. रोममध्ये १४८८ साली त्यासाठी एक बंधुमंडळच स्थापन झालं. त्याचे सभासद फाशीच्या कैद्यासोबत रात्रभर बसत आणि सकाळी वधस्तंभापर्यंत चालत. एकोणिसाव्या शतकात तुरीनचे फादर जोसेफ काफास्सो पन्नासहून अधिक कैद्यांसोबत असे गेले. १९४७मध्ये त्यांना संतपद मिळालं. या सोबतीत माया होती, पण भूमिका ठरलेल्या होत्या: कैदी पापी, भेटायला येणारा तारक.

भारतात १९८१ साली केरळमधल्या सेमिनरीत शिकणाऱ्या दोन तरुणांनी कैद्यांसाठी काम सुरू केलं. त्यातून ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ उभी राहिली. प्रार्थना, रिट्रीट, कायदेशीर मदत, सुटलेल्यांना आसरा, असं तिचं काम आहे. तिने आश्रयदाता संत निवडला तो मॅक्सिमिलियन कोल्बे. आउश्विट्झचा कैदी क्रमांक १६६७०. दुसऱ्या कैद्याच्या जागी तो ऑगस्ट १९४१मध्ये मेला. काफास्सो तुरुंगात बाहेरून जात असत, कोल्बे आतलाच होता. मत्तयाच्या शुभवर्तमानातही येशू स्वतःला भेटायला आलेल्यांमध्ये नाही, तर तुरुंगात असलेल्यांमध्ये धरतो.

हा फरक आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. २०२२च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी आहेत. त्यांचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. रिट्रीटमध्ये डोळे मिटून आपल्या चुका आठवायला सांगितलं, तर जामिनाची रक्कम भरता येत नाही म्हणून आत राहिलेल्या माणसाने काय आठवायचं?

जेझुइट फादर स्टॅन स्वामी यांनी झारखंडमधल्या आदिवासी कच्च्या कैद्यांचा अभ्यास केला, त्यांच्यासाठी कोर्टात गेले. ऑक्टोबर २०२०मध्ये, त्र्याऐंशीव्या वर्षी, भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांनाच अटक झाली. तळोजा कारागृहात कंपवातामुळे पेला धरता येईना, म्हणून स्ट्रॉ आणि सिपर मिळावा यासाठी त्यांना अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी जामिनाविना, कच्चे कैदी म्हणूनच ते गेले.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे प्रत्येक कामाचं फलित मोजतात. ‘किती कैदी सुधारले?’ हा प्रश्न म्हणूनच मला सोपा वाटतो आणि अपुराही. कारागृहात जाणाऱ्या स्वयंसेवकाला अधीक्षकांची परवानगी लागते, त्यामुळे जपून बोलावं लागतं, हे मला समजतं. तरीही जपमाळेबरोबर वकीलपत्राचा कागदही आत नेणारी रिट्रीट मला मत्तयाच्या अधिक जवळची वाटते.