तबकडीच्या वेष्टनावरील नावे

जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांचीच्या स्तूपावरील दानलेखांत या नगरीच्या दात्यांचा निर्देश आढळतो. ही माणसे राजे नव्हती. पण त्यांचे नाव दगडावर कोरले गेले, म्हणून दोन सहस्र वर्षांनंतरही त्यांची ओळख टिकली. हाच निकष आम्ही आपल्या काळातील एका वारशाला लावून पाहत आहोत. तो वारसा म्हणजे साठच्या दशकाच्या उत्तरार्धातील रॉक संगीताच्या ध्वनिमुद्रिका.

बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाची ‘रिव्हॉल्व्हर’ ही तबकडी १९६६ साली निघाली. तिच्यातील ‘लव्ह यू टू’ या गीताला अनिल भागवत यांनी तबल्याची साथ केली आणि वेष्टनावर त्यांचे नाव छापले गेले. पुढच्याच वर्षी ‘सार्जंट पेपर’ आली. तिच्या मुखपृष्ठावर जगातील नामवंतांच्या चेहऱ्यांची दाटी आहे. मात्र ‘विदिन यू विदाउट यू’ या गीतात दिलरुबा वाजविणारे अण्णा जोशी व अमृत गज्जर, तंबोऱ्यावरील बुद्धदेव कन्सारा आणि तबलावादक नटवर सोनी यांची नावे कोठेच नाहीत. ती उजेडात यावयास २०१७ साल उजाडावे लागले.

जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईस आले. फोर्ट भागातील एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणगृहात त्यांनी ‘वंडरवॉल म्युझिक’साठी आपल्या वादकांचे वादन मुद्रित केले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात निघालेली ही अ‍ॅपल कंपनीची पहिली एलपी होय. शिवकुमार शर्मा यांचे संतूर, आशिष खान यांचे सरोद, एस. आर. केंकरे यांची बासरी अशी नोंद वेष्टनावर आहे. शर्मांचे आडनाव चुकीचे छापले गेले, तरी नोंद झाली, हे महत्त्वाचे. याच मुक्कामात मुद्रित झालेल्या वादनावर हॅरिसन यांनी लंडनला ‘द इनर लाइट’ हे गीत गायिले. ‘लेडी मॅडोना’च्या मागील बाजूस ते प्रसिद्ध झाले, पण त्या छोट्या तबकडीवर मुंबईच्या एकाही वादकाचा उल्लेख नाही.

वादन तेच, शहर तेच, महिनाही तोच. एकाचे नाव राहिले, दुसऱ्याचे पुसले गेले. कीर्ती सर्वांच्या वाट्यास येत नाही हे खरे, परंतु नोंद हा प्रत्येक श्रमिकाचा हक्क आहे. वाचकहो, आपल्या घरी जुन्या तबकड्या असतील, तर त्यांच्याइतकीच त्यांची वेष्टनेही जपा. पुष्कळदा कलावंताचा तेवढाच शिलालेख उरलेला असतो.