कंदील

आमच्या आजोबांचं आणि विजेचं कधी जमलं नाही. लोणावळ्यात राहून विजेशी वैर धरणं म्हणजे कोकणात राहून नारळाशी धरण्यासारखं. इथल्याच तलावांच्या पाण्यावर घाटाखाली खोपोलीला १९१५ सालापासून वीज होते! घरभर दिवे होते. पण आजोबांच्या खोलीत कंदील. आम्ही पोरं वळवणच्या धरणावर फिरायला निघालो, की त्यांचा गुडघा हमखास दुखायचा. (चिक्की आणायला बाजारात जाताना तो दुखल्याचं मला आठवत नाही.) ‘म्हातारा चिक्कू आहे, बिल वाचवतो,’ असा घरातला निकाल होता आणि त्यावर अपील नव्हतं.

१९७८ साली ते गेले. दिवसकार्य आटोपल्यावर वडिलांनी त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. चिक्कू माणसाच्या ट्रंकेत काय निघावं, याविषयी आत्याचे काही अंदाज होते. निघाले दोन कागद. पहिला, येरवड्याच्या तुरुंगातून सुटल्याचा.

आजोबा आणि तुरुंग! फलाटाचं तिकीट काढल्याशिवाय ज्यांनी जन्मात स्टेशनात पाऊल टाकलं नाही, ते?

पण कागद खरा होता. लोणावळ्याच्या दक्षिणेला मुळशीचं खोरं. मुंबईला वीज पुरवण्यासाठी टाटांनी तिथं धरण बांधायला घेतलं, आणि मावळ्यांच्या भाताच्या खाचरांवर पाणी यायची वेळ आली. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. माणसं, बायका, पोरं थेट कामावर जाऊन बसली. पुढे सेनापती बापट या लढ्याचे पुढारी झाले. शेकडो माणसं तुरुंगात गेली. पण बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या. सावकाराला खाचर काय आणि मोबदला काय, हिशेब जुळल्याशी काम! फळी फुटली. १९२४ साली बापटांनी रुळांवर दगड रचून धरणाच्या कामाची गाडी अडवली आणि सात वर्षांची शिक्षा घेतली. धरण व्हायचं ते झालंच. १९२७ साली भिऱ्याला वीज सुरू झाली.

त्या शेकडोंत आमचे आजोबा होते, आणि घरात कुणाला पत्ता नाही! काकांची छाती तर फुगून सदऱ्याच्या गुंड्यांना भिडली. ते हार घातलेल्या फोटोच्या गोष्टी बोलू लागले.

तेवढ्यात वडिलांनी दुसरा कागद वाचला. जमिनीच्या मोबदल्याची पावती. खाली पणजोबांचा अंगठा. तारीख पाहिली, तर आजोबा आत असतानाची. मुलगा जमिनीसाठी तुरुंगात, आणि बापानं इकडं पैसे मोजून घेतलेले. आत्यानं रक्कम पाहिली, मग वर आढ्याकडे पाहिलं. लोणावळ्याचं हे घर पणजोबांनी कशातून घेतलं, हे आजवर आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं.

काकांची छाती जागेवर आली. बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी वडिलांनी आजीला विचारलं, “आई, तुला माहीत होतं हे?”

आजी वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, “मग चाळीस वर्षं रोज संध्याकाळी त्यांच्या कंदिलाची काच काय हौसेनं पुसत होते?”