घरी बांधलेला प्रीअँप्लिफायर : टंचाईतून वाढलेला छंद

चेन्नईजवळच्या सिरुसेरीत शिकणारा विद्यार्थी आज प्रीअँप्लिफायरचे सुटे भाग रिची स्ट्रीटवरून आणतो. मुंबईकर त्यासाठी लॅमिंग्टन रोडला जातो. पण हा छंद मुळात टंचाईतून वाढला, हे लक्षात घ्या.

१९९१ पूर्वी आयातीला परवाने लागत आणि जकातही जबर होती. परदेशी ऑडिओ यंत्रे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होती. सुटे ट्रान्झिस्टर मात्र देशात बनू लागले होते. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा बीसी १४८ हा त्यांपैकीच एक.

प्रीअँप्लिफायर कशाला लागतो? रेकॉर्डवरील चुंबकीय पिकअप जेमतेम ५ मिलिव्होल्ट देतो; अँप्लिफायरला काही शे मिलिव्होल्ट हवे असतात. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तार स्वर उचललेले असतात. त्यांचा तोल पुन्हा साधावा लागतो. दोन ट्रान्झिस्टर, मोजके रेझिस्टर आणि कपॅसिटर एवढ्यावर ही दोन्ही कामे होत. १९६८ मध्ये ७४१ ही आयसी आली. पुढे अशा आयसींमुळे जोडणी सोपी झाली.

आज तयार यंत्र सहज मिळते. तरी एकदा बांधून पाहा. अर्थिंग चुकले की स्पीकर घुमतो, हे पुस्तकापेक्षा सोल्डरिंग करताना पक्के कळते. त्या पिढीला यंत्र उघडायला टंचाईने भाग पाडले. तुम्हाला ते आपणहून ठरवावे लागेल.