गाविलगडाचे धनी

मी वाशीम जिल्ह्यातल्या शिरपूरचा. अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे ज्याला शिरपूर जैन म्हणतात, तेच हे गाव. आमच्या गावाला किल्ला नाही. पण आमच्याकडचा शेतसारा कोणाच्या खजिन्यात जायचा, याचा निकाल एकदा एका किल्ल्याच्या पडण्याने लागला. तो किल्ला म्हणजे वऱ्हाडच्या दुसऱ्या टोकाचा, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड.

मध्यंतरी स्कॉटलंडमधल्या ग्लॅमिस किल्ल्याविषयी वाचले. तिथल्या राजाने १३७२ मध्ये ती जहागीर सर जॉन लायन यांना दिली आणि आजही ती त्याच घराण्याकडे आहे. साडेसहाशे वर्षे एकच धनी! मनात आले, आपल्या गाविलगडाचा सातबारा काढला तर किती फेरफार निघतील?

पहिली नोंद गवळ्यांची. इथे गुरे राखणाऱ्या गवळ्यांची मातीची गढी होती, त्यावरून गाविलगड हे नाव पडले, अशी परंपरा आहे. दगडी किल्ला १४२५ च्या सुमारास बहमनी सुलतान अहमदशहाने उभारला. पुढे तो फतहुल्ला इमाद-उल-मुल्ककडे आला. हा माणूस मोठा विलक्षण. जन्माने विजयनगरचा हिंदू, लहानपणी लढाईत पकडला गेला, मुसलमान झाला, वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० मध्ये इमादशाहीचा संस्थापक. गाविलगडाच्या शार्दूल दरवाजावर सिंहांबरोबर दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे. तो विजयनगरच्या ओळखीचा पक्षी! जन्मगाव सुटले, धर्म बदलला, पण दारावर कोरायची वेळ आली तेव्हा त्याला लहानपणीचे चिन्ह आठवले असेल काय? दरवाजासमोर उभा राहिलो, की मला नेहमी असेच वाटते.

१५७४ मध्ये इमादशाही संपली आणि गड अहमदनगरच्या निजामशहाकडे गेला. सोळावे शतक सरता सरता मोगल आले. अठराव्या शतकात नागपूरकर भोसले आले. या काळात वऱ्हाडात दोअमली चाले. मुलूख कागदोपत्री हैदराबादच्या निजामाचा, पण वसुलीत भोसल्यांचा मोठा वाटा. रयतेच्या डोक्यावर एकाच वेळी दोन धनी.

मग १८०३ साल उजाडले. २९ नोव्हेंबरला अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला आणि त्यांची फौज गाविलगडात शिरली. मागोमाग आर्थर वेलस्ली आला. पुढे नेपोलियनला हरवणारा ड्यूक ऑफ वेलिंग्टन तो हाच. दक्षिणेकडचा कडा चढण्याजोगा नव्हता. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेने डोंगरातून वाट काढत जड तोफा ओढून उत्तरेकडे नेल्या. १३ डिसेंबरला मारा सुरू झाला आणि १५ तारखेला हल्ला. तटाला पडलेल्या खिंडारातून इंग्रज आत घुसले खरे, पण तो नुसता बाहेरचा कोट. मध्ये खोल घळ आणि पलीकडे आतल्या किल्ल्याचा तट. तेव्हा 'स्कॉच ब्रिगेड' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ९४ व्या पलटणीतला कॅप्टन कॅम्पबेल शिड्या लावून काही माणसांसह तटावर चढला आणि त्यांनी आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग आणि त्याचे राजपूत दरवाजाजवळ लढत पडले. शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून घरच्या बायकांना मारून टाकण्याची तजवीज त्यांनी केली होती. काही मेल्या, काही जखमी होऊन वाचल्या. पराक्रमाच्या गोष्टी सांगताना आपण या बायकांपाशी फारसे थांबत नाही.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला. गाविलगड आणि नरनाळा भोसल्यांकडेच राहिले, पण वर्धा नदीच्या पश्चिमेकडच्या वऱ्हाडावरचा त्यांचा हक्क गेला. बाकीचा मुलूख एकट्या निजामाचा झाला. आमच्या भागातली दोअमली संपली ती अशी. तट फुटला सातपुड्यात आणि धनी बदलला शिरपूरकडे. ज्या कुणब्याने तो गड कधी पाहिलाही नसेल, त्याच्या खळ्यावरचा वाटेकरी त्या दोन दिवसांत ठरला.

१८२२ च्या तहाने मेळघाटाचा मुलूखही निजामाला मिळाला. १८५३ मध्ये फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी त्याने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे सोपवला. १८५८ मध्ये तात्या टोपे इकडे येऊन गड बळकावतील या धास्तीने इंग्रजांनी त्याची तटबंदी निकामी केली. धनीपणाचा हा शेवट पाहा. आपल्याला राखता येईल की नाही अशी शंका आली, तेव्हा पाडून टाकला.

आज गाविलगड भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षित स्मारक आहे आणि भोवती मेळघाटचे रान आहे. म्हणजे आता धनी आपण सगळे. गेल्या खेपेला गेलो, तर एका कमानीवर कोळशाने ठळक नावे लिहिलेली दिसली. माझ्याबरोबर शाळकरी नातू होता. त्याने विचारले, "आजोबा, हे पण इथले राजे होते का?" मला हसू आले आणि लाजही वाटली. सुलतान, मोगल, भोसले, इंग्रज यांना हा गड लढून घ्यावा लागला. आपल्याला तो न लढता मिळाला. निदान त्याच्या भिंती तरी सांभाळू.